दाजींची पोटदुखी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, गेली एकोणीस वर्षं योगाचा वर्ग चालवतात. रंगाच्या दुकानावरचा लांबट हॉल, सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी सहा. जिना चढताना टर्पेंटाइनचा वास नाकात शिरतो. "वर आलात की हा वास विसरायचा, तोच पहिला धडा," असं ते नव्या माणसाला सांगतात आणि नवा माणूस हसतो. जुने हसत नाहीत, त्यांनी ते शंभरदा ऐकलेलं असतं.

त्याआधी ते नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत होते. टेबलावर वाकून वाकून पाठ कामातून गेली. डॉक्टर झाले, पट्टे झाले, मलमं झाली. शेवटी एका म्हाताऱ्या शिक्षकांनी त्यांना सतरंजीवर उताणं झोपवलं आणि सहा महिने नुसता श्वास घ्यायला लावला. पाठ सुधारली. दाजींनी नोकरी सोडली आणि स्वतःच शिक्षक झाले. गल्लीत सगळे त्यांना 'सर' म्हणतात. भाजीवालीसुद्धा म्हणते, आणि ते त्यांना फार आवडतं.

त्यांची खासियत म्हणजे रविवारचं बोलणं. आसनं झाली की अर्धा तास ते आहार आणि मन या विषयावर बोलायचे. छान बोलायचे, मी ऐकलंय. "पोटाचे चार भाग समजा. दोन अन्नाला, एक पाण्याला, चौथा मोकळा सोडा. मोकळी जागाच नसेल तर मन बसणार कुठे?" मग बोट वर करून, "तोंडातला घास संपेपर्यंत हात ताटाकडे जाता कामा नये. रागात जेवाल तर राग अंगी लागेल." लोक वहीत उतरवून घ्यायचे.

घरी मात्र दाजी बस सुटायला आल्यासारखे जेवायचे. समोर वर्तमानपत्र, डावा हात पानं उलटायला, उजवा आपला आपण चालू. एखाद दिवशी ताई मीठ घालायला विसरली तर ते त्यांना ताट संपल्यावर कळायचं. "रविवारचं भाषण एकदा घरीही द्या की," ती म्हणायची. "अगं, पोहायला शिकवणारा घरी पण पोहत बसतो का?" असं काहीतरी बोलून ते हात धुवायला उठायचे.

हे मी त्यांची उणीदुणी काढायला सांगत नाहीये. पुढे जे झालं ते त्यांनीच मला सांगितलं, दोन दुपारी माझ्या दुकानात स्टुलावर बसून. मी फोटोंच्या चौकटी बनवतो. माणसं हातातलं काम बघत बसली की बोलतात, हा माझा अनुभव आहे.

चार वर्षांपूर्वी वर्गात एक बाई आल्या. हॉलपासून दोन गल्ल्या सोडून दातांची लॅब आहे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे तिथे पाठवतात आणि तिथून कवळ्या तयार होऊन जातात. बाई त्या कवळ्या बनवायच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, नखांत पांढरं प्लॅस्टर, बाहीवर गुलाबी मेणाचे ठिपके. आईबरोबर राहायच्या. आई नुकतीच गेली होती.

"मला राग येतो," त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. "आला की हात थरथरतात. गेल्या महिन्यात तीन कवळ्या वाया गेल्या. मालक म्हणाला, राग घालवून ये, नाहीतर येऊच नकोस."

बाईंचं अंग लाकडासारखं. गुडघे वळेनात, खाली बसल्या की उठवायला दोघं लागायचे. दाजींनी दोन आठवडे प्रयत्न केला. मग, "सुटका करून घ्यायला", हे त्यांचेच शब्द, त्यांनी सांगितलं, "बाई, आसनं राहू द्या. तुम्ही फक्त दिवसातलं एक जेवण नीट जेवा. गप्प बसून, हळू, दुसरं काही न करता. महिनाभर करून बघा."

बाईंनी ते डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधासारखं घेतलं. आठवड्याने वर्ग सुटताना त्या उभ्या राहिल्या.

"सर, काल मी सूप आणि पाव घेऊन बसले. पहिले चार घास नुसता राग होता, मालकाचा. मग बघते तर तो मालकाचा नव्हताच. आईचा होता. मला एकटीला टाकून गेली म्हणून. सातव्या-आठव्या घासाला पावाची चव लागली. थोडा करपला होता. मग मी रडले. रडत रडतच जेवले. आणि मग सर, एकदम शांत वाटलं. भांडी घासून होईपर्यंत टिकलं ते. असंच होतं ना?"

सगळा वर्ग दाजींकडे बघत होता.

"असंच होतं," दाजी म्हणाले.

"मला कधीच तसं झालं नव्हतं रे," दाजी मला म्हणाले. मी काच पुसत होतो, वर बघितलं नाही. "पंधरा वर्षं मी त्यावर बोलत होतो. तिला सात दिवसांत मिळालं. आणि वर मलाच विचारते, असंच होतं ना! मी त्या दिवशी घरी जाऊन पाव आणला. करपवला पण. बसलो जेवायला. दुसऱ्या घासाला मनात आलं, तिला आठव्याला झालं, आपल्याला सहाव्याला व्हायला हवं. झालं, संपलं तिथेच."

आपल्याकडे दुसऱ्याचं बरं बघवत नसलं की पोटात दुखतं म्हणतात. दाजींच्या पोटात त्या दिवसापासून दुखायला लागलं. खरोखरचं दुखायला लागलं ते नंतर.

बाईंनी पुढे जे केलं ते ठरवून केलेलं नव्हतं. नवी कवळी बसवलेली माणसं तक्रार घेऊन परत यायची. टोचते, हलते, खाता येत नाही. बाई घासून द्यायच्या, तरी माणूस परत यायचं. त्यांच्या लक्षात आलं की कवळी बरोबर आहे, माणूस घाईत आहे. किंवा लाजतंय. म्हणून त्या अशा माणसाला लॅबच्या मागच्या खोलीत बसवायच्या, समोर उकडलेला बटाटा ठेवायच्या आणि स्वतः समोर बसून दुसरा बटाटा खायच्या. हळूहळू, न बोलता. "कुठे दुखतंय ते बघा. जिभेने बघा. घाई नाही."

त्यात एक पोस्टमनकाका होते. निवृत्त झालेले, बायको नाही, मुलगा-सून-नातवंडं घरात. कवळी बसवल्यापासून ते घरच्यांबरोबर जेवत नव्हते. नातीने एकदा 'आजोबा टकटक वाजतात' म्हटलं होतं, तेव्हापासून ताट आपल्या खोलीत घेऊन जायचे. जवळजवळ वर्षभर. बाईंसमोर पाच शनिवार बटाटा खाल्ल्यावर सहाव्या शनिवारी ते सांगत आले की काल रात्रीचं जेवण टेबलावर झालं, आणि नात म्हणाली की आता वाजत नाही. खरं तर वाजतच होतं, म्हणाले, पण मला ऐकू येईनासं झालं.

त्यांनी शेजाऱ्याला आणलं. शेजाऱ्याचे दात धडधाकट होते, त्याला झोप येत नव्हती. त्याने बहिणीला आणलं. वर्षभरात शनिवारी दुपारी त्या मागच्या खोलीत लांब टेबल लागायला लागलं. एका टोकाला साच्यांचे खोके, दुसऱ्या टोकाला बारा-पंधरा माणसं, प्रत्येकाने घरून आणलेला डबा. अर्धा तास कोणी बोलायचं नाही. मग ज्याला सांगायचं असेल त्याने सांगायचं, जेवताना मनात काय आलं ते.

दाजींना हे औषधांच्या दुकानदाराकडून कळलं. तो त्यांचा सगळ्यात जुना विद्यार्थी.

"सर, पुढचे शनिवार संध्याकाळी मी नाही आलो तर चालेल ना? दुपारी बाईंकडे जेवायला असतो, मग अंग जड होतं."

"कोणत्या बाई?"

"कवळीवाल्या. तुम्ही रविवारी सांगता ना, तेच आहे सगळं. फक्त तिथे ते करतात."

तो चांगल्या मनाने बोलला होता. दाजींना ते वाक्य आजही पाठ आहे. त्यांनी मला ते त्याच्या आवाजात म्हणून दाखवलं.

हॉलमध्ये एका वेळी चौतीस सतरंज्या लागायच्या. आता एकोणतीस लागायला लागल्या, मग सव्वीस. दाजी शवासन घ्यायला सांगायचे, लोक डोळे मिटून पडायचे, आणि त्या शांततेत ते सतरंज्या मोजायचे. कोण नाही ते बघायचे आणि तो कुठे असेल त्याचा अंदाज करायचे. रविवारच्या बोलण्यात टोमणे यायला लागले. "आजकाल बटाटा खाऊनही समाधी लागते म्हणे." कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी शनिवारच्या टेबलावरच्या होत्या, त्यांनी नुसतं खाली बघितलं, आणि दाजींना वाटलं, यांना माझी कीव येतेय.

एकदा त्यांनी मुदितेवर बोलायचं ठरवलं. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून मनापासून आनंद होणं, त्याला मुदिता म्हणतात, मन शांत ठेवायचा तो एक मार्ग आहे, असं सांगितलं. औषधवाल्याने हात वर केला.

"सर, ते करायचं कसं?"

"सरावाने."

"सराव कशाचा करायचा पण?"

दाजींनी घड्याळाकडे बघितलं आणि त्या दिवशी वर्ग दहा मिनिटं लवकर सोडला.

मग ताई जायला लागली.

एका शनिवारी दाजी घरी आले तर ताट झाकून ठेवलेलं आणि बायको नाही. तीनच्या सुमाराला आली, हातात रिकामा डबा.

"कुठे गेली होतीस?"

"बाईंकडे, जेवायला."

"काय शिकवतात तिथे?"

"शिकवत काही नाहीत. बसतो आणि जेवतो."

"मग घरी रोज काय करतेस?"

"वाढते," ताई म्हणाली आणि डबा घासायला गेली.

माझी बहीण भांडखोर नाही. तिला जे म्हणायचं असतं ते ती एका शब्दात म्हणते आणि समोरच्याला आठवडाभर पुरतं.

पुढच्या शनिवारी दाजी लॅबच्या मागच्या बोळात जाऊन उभे राहिले. खिडकीची खालची काच पांढऱ्या रंगाने रंगवलेली, वरची मोकळी. चवड्यांवर उभं राहिलं की टेबल दिसायचं. ताई भिंतीकडच्या बाजूला बसली होती. भात खात होती, घरून नेलेला, त्यांनी सकाळी घाईघाईत खाल्लेला तोच भात. तिचे डोळे अर्धवट मिटलेले आणि चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे दाजींनी एकोणतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं असेल, वर्तमानपत्राच्या पलीकडे.

"परक्या माणसाबरोबर पाहिलं असतं तरी इतकं झालं नसतं," दाजी मला म्हणाले. "हसू नकोस."

मी हसत नव्हतो.

तिथून ते तडक घरी गेले, फ्रिज उघडला आणि उभ्याउभ्या खाल्लं. चीज, उरलेला भात, दोन उकडलेली अंडी, बोटाने जॅम. काय खाल्लं ते पोट गच्च झाल्यावर कळलं. मग ते दर शनिवारचंच झालं. खिडकी, मग फ्रिज. छातीत जळजळ सुरू झाली. औषधवाल्याकडे गोळ्या मागायला लाज वाटायची, म्हणून लांबच्या दुकानातून आणायचे. पायजम्याची नाडी सैल करावी लागली आणि पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकेना. वर्गाला सांगितलं, जुनं पाठीचं दुखणं आहे.

याच सुमाराला आमच्या भागातल्या साप्ताहिकात बाईंवर लेख आला. अर्धं पान, मध्ये फोटो. टेबल, डबे, बाई तोंड मिटून हसताहेत. तो अंक घेऊन त्या माझ्या दुकानात आल्या. मी तोपर्यंत त्यांना फक्त नावाने ओळखत होतो.

"हे चौकटीत बसवून हवंय. साधी लाकडी चालेल. सरांना द्यायचंय."

लेखात त्यांनी म्हटलं होतं की हे सगळं मला सरांनी शिकवलं, मी फक्त त्यांचं ऐकलं. ती ओळ त्यांनी पेन्सिलीने हलकेच अधोरेखित केली होती. मी म्हटलं, काचेखाली पेन्सिल दिसेल. त्या म्हणाल्या, दिसू दे, त्यांच्यासाठीच आहे.

चौकट तयार करून मी ती भिंतीशी टेकवून ठेवली होती आणि दाजी आले. माझ्याकडे ते सहज येतात, चहा पितात. त्यांनी चौकट उचलली, वाचली, परत ठेवली. चहा घेतला नाही. मला वाटलं, भरून आलं असेल. मी मूर्ख.

"तिने निंदा केली असती तर मी तिला माफ केलं असतं," ते पुढे मला म्हणाले. "पण तिने माझं नाव घेतलं. म्हणजे चांगुलपणातही तीच पुढे! मला काही शिल्लकच ठेवलं नाही रे तिने."

दुसऱ्या दिवशी ते लॅबच्या मालकाला जाऊन भेटले. काळजीच्या सुरात बोलले. म्हणाले, बाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी आहेत, मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण जिथे प्लॅस्टरची धूळ उडते, रसायनं असतात, तिथे म्हाताऱ्या माणसांनी जेवावं हे आरोग्याच्या दृष्टीने बरं नाही. उद्या कोणाच्या पोटाला काही झालं तर नाव तुमचं येईल. मालक आधीच धास्तावलेला माणूस. त्याने तीन दिवसांत टेबल बंद केलं.

दाजी सांगतात की त्या रात्री त्यांना शांत झोप लागली, आणि हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

चौथ्या दिवशी बाई हॉलवर आल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"सर, मालकाने खोली बंद केली. कोणीतरी त्याच्या मनात भरवलंय. तुमचा हॉल शनिवारी दुपारी रिकामा असतो ना? आम्ही झाडून-पुसून देऊ."

दाजींच्या तोंडात शब्द होते. ते गिळून त्यांनी दुसरे काढले. "हॉलमध्ये खाणं नको, बाई. सतरंज्यांना मुंग्या लागतात."

"बरं," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे तुमचं." आणि जिना उतरून गेल्या, एक एक पायरी, गुडघे धरून.

ताईला कळायला आठवडा लागला. मालकाने बाईंना जे कारण सांगितलं ते बाईंनी ताईला सांगितलं, आणि त्यात 'आरोग्याच्या दृष्टीने' असे शब्द होते. घरात दिवसातून दहा वेळा ऐकलेले शब्द बायको ओळखणार नाही तर कोण? दुपारी दाजी जेवायला बसले तेव्हा तिने वर्तमानपत्र त्यांच्या हातातून काढून घेतलं, नीट घडी केली आणि त्यावर बसली.

"मालकाकडे तुम्ही गेला होतात."

दाजींनी मोठा घास तोंडात टाकला.

"का?"

"काळजी वाटली म्हणून."

"माझ्याशी खोटं बोला, मला सवय आहे. पण घास तोंडात असताना बोलू नका, ठसका लागेल."

दाजींनी घास गिळला. तो काही केल्या उतरेना. मग त्यांनी सांगितलं. खिडकी, फ्रिज, चौकट, सगळं. ताई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला माझं काहीच वाटत नाही. तुम्ही त्या बोळात चवड्यांवर उभे होतात हे ऐकून मला जरा बरंच वाटलं, आणि त्याचाच मला राग येतोय. जा, त्यांना सांगून या. मी बरोबर येणार नाही."

बाई कवळीला पॉलिश करत होत्या. यंत्र फिरत होतं, म्हणून दाजींना ते दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा ओरडून, म्हणजे लॅबमधल्या सगळ्यांनी ऐकलं. बाईंनी यंत्र बंद केलं. त्यांचे हात थरथरायला लागले. त्यांनी ते टेबलाच्या कडेवर दाबून धरले.

"सर, तुम्ही रविवारी सांगायचात, रागात जेवाल तर राग अंगी लागेल. हा मी नाही खाणार. हा तुमच्या ताटातला आहे." मग कवळी कापडात गुंडाळत, "मला वाटलं होतं तुम्हाला आनंद होईल."

"मला हेवा वाटला," दाजी म्हणाले. हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दल वापरला होता.

"माझा? कवळ्या बनवणाऱ्या बाईचा?" बाईंना ते खरंच कळेना. "बरं, माझं जाऊ द्या. पोस्टमनकाकांनी परत ताट खोलीत नेलंय. टेबल बंद झाल्यापासून. तिथे जा. माझी माफी नंतर."

पोस्टमनकाकांचं घर तिसऱ्या मजल्यावर. सुनेने दार उघडलं. काकांच्या खोलीत खुर्ची एक, पलंग एक, आणि ताटात गार झालेली उकडलेली भाजी. दाजींनी आपण कोण, काय केलं, ते सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"अर्धवट."

"मग बसा."

सुनेने दुसरं ताट आणलं. दाजी पलंगावर, काका खुर्चीवर. कोणी बोललं नाही. काकांची कवळी खरंच वाजत होती, टक, टक. दाजींना पहिल्या घासाला वाटलं, ही माणसं माझ्याकडे यायला हवी होती. दुसऱ्याला वाटलं, बाईंनी याला नेमकं कसं शिकवलं असेल. तिसऱ्याला, बायको आत्ता काय करत असेल. घास तोंडात आणि मन लॅबच्या खिडकीपाशी. पुढे कधीतरी त्यांना जबडा दुखतोय हे कळलं. ते दात आवळून चावत होते, गाजराला चावायचं नसून फोडायचं असल्यासारखं. किती वर्षं? त्यांनी जबडा सैल सोडला. गाजर गोड होतं. तेवढंच. रडू वगैरे काही आलं नाही, शांतही वाटलं नाही. पण गाजर गोड आहे हे त्यांना तोंडात असताना कळलं, आणि हेवा छातीच्या खाली, उजवीकडे बसतो, हेही कळलं.

"मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल," ते मला म्हणाले. "झालं एवढंच."

पोस्टमनकाका ताट उचलून बाहेरच्या टेबलावर जायला आणखी तीन आठवडे लागले. दाजी रोज दुपारी जात होते. एके दिवशी काकाच म्हणाले, "उद्या तुम्ही येऊ नका, मी बाहेर बसतो." दाजींना आनंद झाला आणि पाठोपाठ जरा रागही आला, की आता याला आपली गरज नाही.

हॉल त्यांनी बाईंना देऊ केला. बाईंनी महिनाभर हो म्हटलं नाही. मग एक अट घातली: सरांनी टेबलाशी इतरांसारखं बसायचं, बोलायचं नाही, कोणाला सुधारायचं नाही. दाजींनी कबूल केलं. सतरंज्या गुंडाळून, घडीची टेबलं लावून शनिवारची दुपार हॉलवर सुरू झाली. बाईंनी त्यांना माफ केलं का? ताई म्हणते केलं. दाजी म्हणतात, त्यांनी पुन्हा कधी 'असंच होतं ना' असं विचारलं नाही. ती चौकट माझ्याकडून कोणी नेली नाही. शेवटी मी कागद काढून बाईंना परत दिला आणि चौकट दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नाच्या फोटोला वापरली.

दीड वर्ष तसं चाललं. शनिवारी दाजी मुकाट्याने जेवायचे आणि लोक बाईंकडे बघून बोलायचे. दर वेळी जळायचं. फरक इतकाच की आता ते जळतंय हे त्यांना जेवतानाच कळायचं, त्यामुळे नंतर फ्रिजपर्यंत जायची वेळ कमी यायची. गोळ्या सुटल्या. रविवारचं बोलणं अर्ध्या तासाचं दहा मिनिटांवर आलं. सव्वीसपैकी एकवीस सतरंज्या उरल्या, त्या अजून तेवढ्याच आहेत.

गेल्या वर्षी बाईंना दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याने बोलावलं, कवळीच्या रुग्णांना जेवायला शिकवायला. त्या गेल्या. निघायच्या शनिवारी सगळे रडले. दाजी रडले नाहीत. त्यांना हायसं वाटत होतं, आणि ते लपवायला ते भांडी गोळा करत फिरत होते. बाई जिना उतरायला लागल्या तेव्हा दाजींनी त्यांचा हात धरला आणि खालपर्यंत सोडलं. "गुडघ्यांकडे बघा," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "तुम्ही जबड्याकडे बघा."

मग सगळे दाजींकडे वळले. सर, आता तुम्हीच. ज्याच्यासाठी इतकं केलं ते ताटात वाढून समोर आलं होतं. दाजींनी एक शनिवार घेतला. शेवटी औषधवाल्याने सांगितलं की जेवताना त्याला भावाची आठवण आली, आणि दाजी भावावर पाच मिनिटं बोलले. औषधवाला मान हलवत राहिला. ताईने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

घरी आल्यावर दाजी म्हणाले, "मला नाही जमत. तू कर."

"मी? मी काय सांगणार?"

"काहीच सांगू नकोस. तेच तर मला जमत नाहीये."

आता शनिवारचं टेबल ताई चालवते. परवा मी गेलो होतो, डब्यात अंड्याचं सँडविच घेऊन. वीस माणसं होती. ताई टोकाला बसली होती, हात मांडीवर, कुणाकडे मुद्दाम न बघता, आणि तरी प्रत्येकाला वाटत होतं की ती आपल्याकडे बघतेय. पोस्टमनकाका टकटक करत सफरचंद खात होते. जेवण झाल्यावर एक नवी मुलगी उठून तिच्याशी बोलायला आली आणि बोलता बोलता तिला रडू आलं. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला, तोंडातून शब्द नाही.

दाजी माझ्या शेजारी बसले होते. ते हळूच माझ्या कानाशी आले.

"बघ," ते म्हणाले. "तिला कोणी शिकवलंय का हे? आमच्या वर्गात एक दिवस आली नाही."

"हेवा वाटतो?" मी विचारलं.

"वाटतो तर," दाजी म्हणाले आणि माझ्या डब्यातलं उरलेलं सँडविच उचलून, डोळे मिटून, सावकाश खायला लागले.